अछाममधलं शिबिर, अडकलेली खोकी आणि जुने चष्मे

तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. पुण्याहून डॉक्टर आणि ऑप्टोमेट्रीचे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढायला शिकणारे, विद्यार्थी घेऊन पश्चिम नेपाळच्या डोंगराळ अछाम जिल्ह्यात दहा दिवस मोफत डोळ्यांचा दवाखाना चालवायचा, सोसायट्यांमधून जुने चष्मे गोळा झालेत, औषधांची आणि भिंगांची (मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवतात ती) खोकी पुढे रवाना झालीत आणि एका कार्यालयाकडून 'कागद बघतोय' यापलीकडे काही कळत नाही. ते शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. आमच्या तिथल्या शिबिराचं अगदी हेच झालं होतं.

आधीच सांगते, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, सर्जन नाही. शस्त्रक्रियेबद्दल लिहितेय ते सर्जनांच्या शेजारी उभं राहून बघितलेलं आहे. नियम बदलत राहतात, तेव्हा परवानगीच्या बाबतीत माझ्या शब्दावर जाऊ नका. डॉक्टरांसाठी नेपाळ मेडिकल काउन्सिल आणि आपल्यासारख्यांसाठी नेपाळ हेल्थ प्रोफेशनल काउन्सिल, तिथंच विचारा. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण रुग्ण तपासायला परवानगी लागते, हे तुम्हाला माहीत असणारच. तंबू, जेवण, राहण्याची सोय वगैरे तुम्ही बघालच.

आता खोक्यांचं. आमचा माल जिथे अडकला ते कार्यालय कोणतं आणि सीमेच्या अलीकडचं की पलीकडचं, हे मी लिहिणार नाही. फोन केला की 'सगळं ठीक आहे, पुढच्या आठवड्यात सुटेल'. प्रत्यक्ष गेलं की टेबलावर नवा माणूस आणि नवी मागणी. आधी म्हणाले, यादीवर संस्थेचा शिक्का हवा. मग म्हणाले, शिक्का चालेल पण यादीत बॅच नंबर आणि मुदत नाही. ती घातली तर पत्र चुकीच्या हुद्द्याच्या नावाने आहे. एकदाही कुणी लेखी दिलं नाही की अमुक कारणासाठी माल थांबवला आहे. लेखी असतं तर आम्ही वरच्याकडे जाऊ शकलो असतो. तोंडी 'होईल' या शब्दाविरुद्ध कुठे दाद मागणार? थेंबांच्या बाटल्या पत्र्याच्या गोदामात तापत राहिल्या. त्यात लॅटानोप्रोस्ट हे काचबिंदूचं औषध होतं, जे उघडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. शिबिर आटोपल्यावर माल सुटला. तोवर ते थेंब कुणाच्या डोळ्यात घालायच्या लायकीचे राहिले नव्हते, सगळे टाकून दिले.

औषधं गेली त्याचं मला एवढं वाटत नाही. तिथल्या रुग्णालयाची टीम आपल्या हिशेबाने भिंगं घेऊन आली होती आणि उरलेल्यांसाठी आमची खोकी धरलेली होती. त्यांची भिंगं संपली तेव्हा एक मुलगा आईला डोकोत, म्हणजे पाठीवरच्या बांबूच्या टोपलीत बसवून घेऊन आला. दोन्ही डोळ्यांत पूर्ण पिकलेला मोतीबिंदू, बाहुल्या खडूसारख्या पांढऱ्या. टॉर्च मारला की उजेड कुठल्या बाजूने येतोय ते बरोबर सांगत होती, म्हणजे आतला पडदा बहुतेक शाबूत. खाली तळाच्या रुग्णालयात नेऊ म्हटलं, पण तो दिवसभराचा प्रवास आणि मुलाचं दुसऱ्या दिवशीचं मुंबईचं तिकीट काढलेलं. कुठल्याशा सोसायटीत वॉचमन होता, रजा संपली होती. आईला पुन्हा पाठीवर घेऊन तो चढ चढून गेला. अजून राग येतो मला त्या कार्यालयाचा.

तिचं पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. रुग्णालयाच्या नेत्र सहायकाने तिचं नाव, गावाचा वॉर्ड आणि शेजारच्या घरातला फोन नंबर आपल्या रजिस्टरात लिहून घेतला होता. त्यांची पुढची फेरी आली तेव्हा त्याने तिला शोधून काढलं आणि एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. हे आमच्या रजिस्टरामुळे झालं नाही, आमचं रजिस्टर आमच्याबरोबर पुण्याला परत आलं होतं.

म्हणून माझं ठाम मत आहे, पटो न पटो: परक्या देशात आपला दवाखाना नेऊ नका. जे वर्षभर तिथं असतात त्यांच्या नावावर, त्यांच्या रजिस्टरात, त्यांच्या औषधांनिशी काम करा. आणि नेपाळात तसे लोक आहेत. नेपाळ नेत्रज्योती संघ ही डोळ्यांसाठी काम करणारी संस्था १९७८ पासून आहे, काठमांडूचं तिलगंगा नेत्र रुग्णालय १९९४ पासून, तुमच्या भागासाठी धनगढीजवळचं गेटा नेत्र रुग्णालय आहे. १९८१च्या पाहणीत नेपाळातलं अंधत्वाचं प्रमाण ०.८४ टक्के होतं, ते २०१०च्या सुमारास ०.३५ टक्क्यांवर आलं होतं. यात मोठा वाटा त्यांनी उभ्या केलेल्या रुग्णालयांचा आणि गावोगावच्या नेत्र केंद्रांचा आहे. तराईतल्या, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सपाट पट्ट्यातल्या, त्यांच्या रुग्णालयांत बिहार-उत्तर प्रदेशातून आपले लोक शस्त्रक्रियेला जातात. आपण शिकवायला चाललोय असा कुणाचा समज असेल तर तो पुण्यातच सोडून या.

याने तुमचा खोक्यांचा प्रश्नही बराचसा सुटतो. औषधं आणि भिंगं तिथल्या रुग्णालयाकडूनच घ्या, पैसे त्यांना द्या. जे आधीच निघालंय त्यासाठी एवढं आजच करा: स्वीकारणारा म्हणून तिथल्या रुग्णालयाचं नाव घाला, प्रत्येक वस्तूसमोर बॅच, मुदत आणि नग लिहा, आणि जे पत्र द्याल त्याची पोच घ्या. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. पोच देत नसतील तर पत्र देऊच नका, पोच मिळेल अशा पोस्टाने पाठवा. नकार असेल तर तो लेखी मागा, आणि विनंतीही लेखीच करा.

आता चष्मे. तुमच्या मंडळींना वाईट वाटेल, पण जुने चष्मे नेऊ नका. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दान आलेल्या चष्म्यांची तपासणी केली, तेव्हा वापरण्याजोगे फक्त ७ टक्के निघाले. वर्गवारी आणि वाहतूक धरून एकेक चष्मा नव्या तयार चष्म्याच्या जवळजवळ दुप्पट महाग पडला. कारण साधं आहे. पुण्यातल्या कुणा काकांचा चष्मा त्यांच्या डोळ्यांचा असतो. उजवा-डावा नंबर वेगळा, सिलिंडरचा (तिरक्या नंबराचा) अक्ष वेगळा, दोन बाहुल्यांमधलं अंतर वेगळं. खोक्यातून त्याच्या जवळपासचा काढून एखाद्या आजीच्या नाकावर ठेवला की तिचं डोकं दुखतं आणि ती तो ट्रंकेत टाकते. त्याऐवजी जवळच्या कामाचे तयार चष्मे, +१.०० ते +३.००, भरपूर न्या. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना तेवढंच हवं असतं. आसामात चहाची पानं खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या कामगारांना असे चष्मे दिले, तर त्यांचं काम सुमारे २२ टक्क्यांनी वाढलं. हा अभ्यास २०१८चा आहे. लांबचा नंबर निघाला तर रुग्णालयाच्या ऑप्टिकलमध्ये बनवायला द्या आणि पोहोचवायची जबाबदारी कुणाची ते नावानिशी ठरवा.

तपासणीबद्दल तुम्हाला सांगायची गरज नाही, फक्त दोन गोष्टी. ई-चार्ट, म्हणजे अक्षर न येणाऱ्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना वळवलेल्या E चा तक्ता, न्या, आणि प्रत्येकाला पिनहोल, म्हणजे बारीक भोकाची चकती, लावून बघाच. पिनहोलने सुधारलं तर चष्म्याचं काम, नाही सुधारलं तर बाहुली मोठी करून आत बघायचं, रांग कितीही लांब असो. जवळच्या नजरेसाठी आम्ही छापील कार्ड बाजूला ठेवून नाङ्लोवर, म्हणजे गोल सुपात, मूठभर खडेवाले तांदूळ ठेवायचो. बायका लगेच निवडायला बसतात. +१.५० लावला आणि हात अडखळला तर +२.०० लावायचा. खडा उचलून बाजूला टाकला की नंबर सापडला. मुलांच्या बाबतीत मात्र ऑटोरिफ्रॅक्टरच्या, म्हणजे नंबर काढायच्या यंत्राच्या, आकड्यावर जाऊ नका, बाहुली मोठी करायचे थेंब न घालता तो मायनस नंबर वाढवून दाखवतो. आणि वीज वरखाली होते, स्टॅबिलायझर न्या.

औषधांत मी फार कडक आहे. स्टेरॉइडचे थेंब गावात वाटू नका. शेतातलं पान लागून बुबुळाला बुरशीचा व्रण झाला असेल तर त्या थेंबाने डोळा जातो. काचबिंदू सापडला म्हणून महिनाभराची टिमोलॉलची बाटली देऊन मोकळं होऊ नका. पुढची बाटली कोण देणार हे ठरलेलं नसेल तर रुग्णालयाकडे पाठवा. टिमोलॉल देण्याआधी दम्याचं विचारा. जन्मभर चुलीच्या धुरात बसलेल्या बायका आहेत त्या, 'दम लागतो का' एवढंच नका विचारू, चढावरून पाणी आणताना किती वेळा थांबावं लागतं ते विचारा. आणि शस्त्रक्रिया करायचीच असेल तर त्यांची टीम, त्यांचं निर्जंतुकीकरण. एका वेळी एकच डोळा. दुसऱ्या दिवशी पट्टी उघडायला, आठवड्याने आणि महिन्याने बघायला कोण आहे, या तिन्ही नावांशिवाय टाका घालू नका.

तुमच्याकडे विद्यार्थी आहेत, तर त्यांचा खरा उपयोग सांगते. भक्तपूर जिल्ह्यात एक फार मोलाचं काम झालंय, २००१ साली प्रसिद्ध झालं. गावातल्या स्वयंसेवकांना बुबुळावरचा ओरखडा ओळखायला शिकवलं आणि क्लोराम्फेनिकॉलचं १ टक्क्याचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावायला दिलं. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत ज्यांना मलम मिळालं त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. शेतीच्या भागात याहून स्वस्तात डोळे वाचवणारं दुसरं काही मला माहीत नाही. नेपाळात गावोगावी महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका आहेत. मुलांना वर्षातून दोनदा अ-जीवनसत्त्व त्याच देतात, घर अन् घर त्यांना ठाऊक असतं. रुग्णालय आणि जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाला विचारून त्यांच्यासाठी दोन दिवस ठेवा. पाचशे माणसं तपासल्याचा फोटो काढण्यापेक्षा हे कितीतरी जास्त टिकतं.

या स्वयंसेविका दिदींना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यायचं आणखी एक कारण म्हणजे बायका. चाऱ्याचा भारा, पाणी, नातवंडं सोडून त्या आपणहून येत नाहीत, आणि मोतीबिंदूने आंधळ्या झालेल्या म्हाताऱ्या तर कुणी आणल्याशिवाय येऊच शकत नाहीत. दिदी दारात गेली की येतात. भाषेचंही तेच. काठमांडूची नेपाळी शिकून गेलात तरी म्हाताऱ्यांची अछामी कळणार नाही. पुरुष मात्र बरेचसे मुंबई, पुणे, गोव्यात राहून आलेले असतात. आमच्या रांगेत ठाण्यात अर्धं आयुष्य काढलेले एक आजोबा होते, 'ताई, हिला डाव्या डोळ्याने नाही दिसत' असं स्वच्छ मराठीत सांगून पुढच्या बाईचा हात धरून आणायचे. अशी माणसं शोधा.

तारखांचं शेवटी लिहितेय, पण यावर खूप घोटाळे होतात. तिथला सगळा कारभार विक्रम संवतात चालतो. पत्रावरची तारीख, रुग्णाचं जन्मसाल, पुन्हा दाखवायला यायचा दिवस, सगळं. चिठ्ठीवर '१५ जानेवारी' लिहिलंत तर गावात कुणाला बोध होत नाही, 'माघ १ गते' असं लिहा ('गते' म्हणजे तारीख). आणि तो आपला चांद्र माघ नव्हे, त्यांचा महिना संक्रांतीला सुरू होतो, म्हणून मराठी कॅलेंडर बघून तारखा काढू नका.

तुम्ही जुलै म्हणताय तो महिना बदला. पावसात दरडी कोसळून रस्ते बंद होतात आणि असार महिना म्हणजे भाताच्या लावणीचा काळ, माणूस रानात असतो. दसैं-तिहार, म्हणजे त्यांचा दसरा-दिवाळी, आटोपल्यावर मंसिरमध्ये, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून, गेलेलं बरं. हवा स्वच्छ असते, सुगी झालेली असते आणि तुम्हाला कागदांसाठी चार महिने जास्तीचे मिळतात.

खोक्यांतल्या मालाची यादी आणि आजवर दिलेल्या पत्रांच्या तारखा इथे टाका, नावं खोडून. कुठला रकाना राहिलाय ते मी बघून सांगते.