जड स्क्वॉट मारल्यावर 100 मीटर पळायच्या आधी किती वेळ थांबायचं?

तू लिहिलंय की पोलीस भरतीची तयारी चालू आहे, जिमवाल्याने सांगितलं जड स्क्वॉट (खांद्यावर वजनाचा रॉड घेऊन बैठका) मार अन् लगेच 100 मीटर पळ, स्पीड वाढतो, पण तुझा टाइम उलट जास्तच येतोय. अरे भो, त्या 'लगेच'मध्येच सगळा घोळ आहे.

मी अमळनेरला असताना हाच प्रकार दोन महिने केला. रॉड स्टँडवर ठेवला की शेजारच्या ग्राउंडवर जायचं अन् थेट रेषेवर उभं राहायचं, मांड्या दगडासारख्या झालेल्या, पहिल्या वीस मीटरातच कळायचं की पाय उचलत नाहीये. मला वाटायचं रात्रीचं भरीत जास्त झालं.

खरं असं आहे की जड सेटनंतर अंगात दोन गोष्टी एकदम होतात, स्नायू चाळवला जातो अन् स्नायू थकतोही. थकवा आधी जास्त असतो पण तो लवकर उतरतो, चाळवलेपण थोडं मागे रेंगाळतं, अन् आपल्याला पळायचं असतं त्या मधल्या वेळात. स्नायूतलं झटपट जोर देणारं क्रिएटिन फॉस्फेट बऱ्यापैकी भरून यायलाच 3 ते 5 मिनिटं जातात, म्हणजे मिनिटभरात पळालास तर टाकी पूर्ण भरायच्या आधीच गाडी काढल्यासारखं.

आता किती थांबायचं, तर ते तुझ्या ताकदीवर. 2016 साली अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा आला होता, त्यात स्वतःच्या वजनाच्या पावणेदोनपट स्क्वॉट मारणाऱ्यांना 5 ते 7 मिनिटांनी जास्त फायदा दिसला अन् त्याहून कमी ताकदवाल्यांना निदान 8 मिनिटं लागली. म्हणजे तू 65 किलोचा असशील अन् 115 किलोच्या आसपास एक रेप (म्हणजे एक बैठक) निघत असेल तर पहिल्या गटात, नाहीतर घाई करू नको. अन् जिमला लागून सहाच महिने झाले असतील तर हे सगळं राहू दे, आधी ताकद वाढव, फायदा मुळातच थोडासा असतो अन् तोही मुरलेल्यांना जास्त.

सेटही छोटा ठेव, जास्तीत जास्त वजनाच्या 85 टक्क्यांवर 3 रेप, बस. दहा रेप मारून पाय थरथरले तर मग दहा मिनिटांनीही काही होत नाही. मधल्या वेळात खाली बसून मोबाइल बघू नको, चालत राहा, पाय ताणून मिनिटमिनिटभर धरून ठेवायचं तर अजिबात नको, त्याने जोर उलट कमी होतो. डिसेंबरात सकाळी सहाला आपल्याकडे थंडी असते, तेव्हा ट्रॅक पॅन्ट काढू नको नाहीतर अंग गार पडून केलेलं वाया, अन् मे महिन्यात सावली शोध.

माझा आकडा मी असा काढला: स्टॉपवॉच नाही भरवशाचा, मित्राचं बोट पुढेमागे होतंच, म्हणून मातीत वीट ठेवून जागेवरून लांब उडी. एक दिवस सेटनंतर 2 मिनिटांनी, दुसऱ्यांदा 5 ने, मग 8 ने, मग 12 ने, दरवेळी दोन दिवस मधे सोडून. 2 मिनिटांची उडी नेहमीपेक्षा वीतभर कमी, 8 ची चार बोटं जास्त, 12 ला परत नेहमीसारखी. तुझं वेगळं येईल, येऊ दे.

पण भरतीच्या दिवशी तिथे रॉड कोण देणार तुला? चेस्ट नंबर लावून लायनीत बसवतात, नंबर दहा मिनिटांत येईल की दोन तासांत ते काही सांगता येत नाही. म्हणून तिथे स्क्वॉटचा विषयच सोड, पुढे चार-पाच जण उरले की उठून जॉगिंग अन् तीन-चार जोरदार उड्या, इतकंच. गोळाफेकीच्या आधीही मी तेच करायचो. 1600 मीटरला मात्र या सगळ्याचा संबंध नाही, तिथे दम लागतो.

तुझं वजन किती अन् स्क्वॉट किती पडतो ते सांग, मग बघू.