बॅकिंग ट्रॅकवर बेस गिटार वाजवताना

आधी बॅकिंग ट्रॅकमध्ये (सोबतीला लावायचं तयार रेकॉर्डिंग) बेस नाहीये ना ते बघ, नाहीतर त्याच्याच मागे फरफटत जाशील. ७० बीपीएमचा (मिनिटाला ७० ठोके), दोनच कॉर्डचा (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) ट्रॅक पुरे. समजा ए मायनर आणि डी. पहिले काही दिवस फक्त रूट, म्हणजे कॉर्डचा मूळ सूर, तोही किक ड्रमला (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) धरून. कंटाळा येईल, येऊ दे. मग फिफ्थ (रूटपासून पाचवा सूर), ऑक्टेव्ह (रूटच, पण वरच्या सप्तकातला). खरी गंमत कॉर्ड बदलताना आहे. ए स्ट्रिंगच्या ५व्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरचा कप्पा) डी आहे, तर आधीच्या बारच्या (ठोक्यांचा एक गट) शेवटच्या बीटला ४था फ्रेट वाजव. सूर परका वाटतो, पण कान थेट डीकडे ओढला जातो. नुसती स्केल (ओळीने येणारे सूर) वर-खाली पळवू नकोस (मी त्यात वर्ष घालवलंय). मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक. कुठे गप्प बसायला हवं होतं ते तेव्हा कळतं.