फक्त शनिवार-रविवारी घेतलेली दारू शरीरात काय करते?

आपण आठवड्यातून दोनच दिवस पितो, सकाळी डोके दुखण्यापलीकडे काही जाणवत नाही, मग नुकसान नेमके कुठे होते, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते याचे उत्तर दारू शरीरातून बाहेर कशी पडते यात आहे.

चरबी किंवा साखर शरीर साठवून ठेवू शकते, अल्कोहोल मात्र साठवता येत नाही. त्यातला थोडासाच भाग श्वास, घाम आणि लघवीवाटे जातो. उरलेला सुमारे 90 टक्के यकृताला जाळावा लागतो आणि तेही तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम एवढ्याच वेगाने. चाळीस टक्के अल्कोहोल असलेल्या मद्याच्या 60 मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे 19 ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे तीन पेग संपायला सहा-आठ तास सहज लागतात आणि रात्री उशिरापर्यंत प्यायलेला माणूस सकाळी गाडी काढतो तेव्हा त्याच्या रक्तात दारू उरलेली असू शकते. कडक कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने हा वेग वाढत नाही (मीही पूर्वी कॉफीवर विसंबून असे; तिने झोप तेवढी उडत असे).

या जळण्याच्या वाटेवर अल्कोहोलपासून आधी ॲसिटाल्डिहाइड तयार होते, आणि मूळ दारूपेक्षा घातक असा हा पदार्थ पेशींतील डीएनएला इजा करतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला 1988 सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात, घातले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. थोडी घेतली तर हृदयाला बरी, या समजुतीवर म्हणूनच माझा विश्वास उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 मध्ये पूर्णपणे सुरक्षित असे प्रमाण नसल्याचे स्पष्ट केले.

यकृत दारू जाळण्यात गुंतले की चरबी जाळणे मागे पडते आणि ती तिथेच साचू लागते. ही पहिली पायरी. पुढे सूज आणि वर्षानुवर्षे चालू राहिल्यास सिरोसिस, म्हणजे व्रण पडून यकृत कायमचे कठीण होणे. पहिल्या पायरीवर काहीच दुखत नाही, त्यामुळे ‘मला त्रास नाही’ हा निकष तुम्ही धरू नये. त्याच पायरीवर दारू पूर्ण थांबवल्यास काही आठवड्यांत चरबी उतरू शकते, हेही तितकेच खरे आहे.

मेंदूचे म्हणाल तर दारू उत्तेजक नसून मंदावणारी आहे. सुरुवातीचा मोकळेपणा हा आवर घालणारी यंत्रणा आधी सैल पडल्याचा परिणाम असतो. झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटक होते.

तुमच्या डोकेदुखीत या अपुऱ्या झोपेचा वाटा असतो, तसाच पाणी कमी झाल्याचाही, कारण लघवी रोखून धरणारे संप्रेरक दारूमुळे कमी स्रवते. त्यावर गोळी घेताना मात्र जपावे. आयबुप्रोफेनमुळे दारूने आधीच चिडलेल्या जठराच्या अस्तराला आणखी इजा होऊ शकते, आणि नियमित भरपूर पिणाऱ्याने पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण तेही यकृतातच जाते.