'वसाहतवादी' खोडा, 'पाईक' लिहा

एका वाचकाचा प्रश्न आहे: "आमचे आजोबा 1965च्या युद्धात लढले. फौजेतून निवृत्त झाल्यावर सरकारी योजनेतून ग्रेट निकोबारला जाऊन वसले, अगदी सुरुवातीच्या कुटुंबांपैकी. त्यांच्या वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढतोय. 'पायोनियर सेटलर' आणि 'वॉर व्हेटरन' यांना मराठीत काय म्हणावं? मसुद्यात सध्या 'आद्य वसाहतवादी व ज्येष्ठ योद्धा' असं आहे."

'वसाहतवादी' आधी खोडा. हल्ली बातम्यांत आणि भाषांतरांत 'सेटलर' दिसला रे दिसला की हा शब्द चिकटवतात, आणि दर वेळी वाचून संताप येतो. 'वादी' लागलं की मत आलं, धोरण आलं. वसाहतवादी म्हणजे दुसऱ्याचा मुलूख बळकावून त्यावर आपली तुंबडी भरण्याचा पुरस्कर्ता. आजोबांना असं म्हणायचं आहे का तुम्हाला? 'आद्य'ही नको. त्या बेटावर शोंपेन आणि निकोबारी लोक फार पूर्वीपासून राहतात. 1969 किंवा त्यानंतर बोटीतून उतरलेल्या माणसाला आद्य म्हटलं की त्यांचं अस्तित्वच पुसलं जातं. 'ज्येष्ठ योद्धा' म्हणजे वयाने मोठा की हुद्द्याने, काही कळत नाही. 'माजी सैनिक' हा सरळ, रुळलेला शब्द आहे, तो घ्या.

राहिला 'पायोनियर', आणि खरा आनंद तिथेच आहे. कोशवाले 'आद्यप्रवर्तक', 'प्रणेता' देऊन मोकळे होतात. प्रणेता विचार मांडतो, प्रवर्तक चळवळ सुरू करतो. कोयत्याने रान तोडून वाट काढणारा माणूस या दोन्ही शब्दांत कुठे बसतो? पायोनियर हा मुळात सभासंमेलनातला शब्दच नाही, तो छावणीतला आहे. जुन्या फ्रेंचमध्ये पायदळातल्या शिपायाला 'पिओन' म्हणत. त्यावरून 'पिओनिए' आला: सैन्याच्या पुढे कुदळ-फावडं घेऊन जाणारा, झाडं तोडून रस्ता करणारा, खंदक खणणारा. आपल्याकडेही ब्रिटिश अमदानीत 'बॉम्बे पायोनियर्स' नावाच्या पलटणी होत्या, त्या 1930च्या दशकाच्या सुरुवातीला मोडल्या.

आता मूळ बघा. फ्रेंच 'पिओन'च्या मागे लॅटिनमधला पाऊल या अर्थाचा शब्द आहे, आणि तो आपल्या 'पद्'चा सख्खा नातेवाईक. फारसीतला 'पियादा', म्हणजे आपल्या बुद्धिबळाच्या पटावरचं प्यादं, त्याच घराण्यातलं. आणि संस्कृत 'पदाति' म्हणजे पायदळातला शिपाई, त्याचं प्राकृत रूप 'पाइक्क', त्यावरून मराठी 'पाईक'! म्हणजे पायोनियरला प्रतिशब्द शोधत कोश पालथे घालायची गरजच नाही, त्याचा भाऊबंद शेकडो वर्षं आपल्या घरात नांदतोय.

इथे काही जण 'पाईक' फारसी 'पैक' म्हणजे जासूद यावरून आला असं ठणकावून सांगतात. मला हे अजिबात मान्य नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'पदाति'साठी 'पाइक्क' नोंदवून ठेवला आहे. मराठीतला प्रत्येक लढाऊ शब्द फारसीच्या दारात नेऊन उभा करायची ही खोड सोडली पाहिजे. तुकोबांचे पाइकीचे अभंग काढून वाचा: तिथला पाईक निरोप पोचवत हिंडत नाही, तो चोरवाटा ओळखतो, धन्यासाठी जिवावर उदार होतो.

ओडिशातले पाईक तर माझ्या म्हणण्याला आणखी बळ देतात. तिथल्या राजांचे हे शिपाई चाकरीच्या बदल्यात बिनसाऱ्याची जमीन कसत. लढाई आली की हत्यार, एरवी नांगर. कंपनी सरकारने या जमिनींना हात घातला, आणि 1817 साली खुर्द्याचे पाईक बक्षी जगबंधूंच्या मागे उठले. शिपाई आणि शेतकरी एकाच अंगात, हा अर्थ या शब्दाला तिथे कधीच चिकटलेला होता.

ग्रेट निकोबारला वेगळं काय घडलं? 1969पासून 1980पर्यंत महाराष्ट्र, पंजाब, केरळ अशा राज्यांतली माजी सैनिकांची 330 कुटुंबं तिथे वसवली. कॅम्पबेल बे, गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर: दाट जंगल तोडून ही गावं उभी राहिली. बंदूक खाली ठेवलेल्या माणसांनी कुऱ्हाड उचलली, नारळाच्या बागा लावल्या. आणि 26 डिसेंबर 2004च्या त्सुनामीने किनाऱ्यालगतची घरं आणि बागा गिळल्या. आजोबा तेव्हा कुठे होते, नंतर पत्र्याच्या निवाऱ्यात किती काळ काढला, हे घरच्यांना विचारून स्मरणिकेत घाला; 'योद्धा'सारख्या विशेषणांपेक्षा ते वाचायला आवडेल.

पहिलं वाक्य असं करता येईल: 'ग्रेट निकोबारला वसलेल्या माजी सैनिकांच्या सुरुवातीच्या तुकडीतले एक पाईक.' 'सेटलर' शब्द तुमच्या घरात रोजचा असेल, अंदमान-निकोबारकडे तो सगळेच वापरतात, तर तोही खुशाल ठेवा. फक्त छापताना शुद्धलेखन सांभाळा: 'पाईक'मधला ई दीर्घ, पण विभक्ती लागली की ऱ्हस्व होतो. पाइकाने, पाइकांचा, पाइकी.