रोज वीस शब्द पाठ करते, तरी सकाळी काहीच आठवत नाही

दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला सायन्स, आणि दोन-तीन महिन्यांतच 'आपलं डोकंच चालत नाही' अशी खात्री. पोळा जवळ आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांमधून अशी मुलंमुली माझ्याकडे सल्ल्याला यायला लागतात. सोबत आई किंवा वडील असतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. पोरगी रोज इंग्रजी शब्द पाठ करते, रात्री घडाघडा म्हणून दाखवते, सकाळी विसरते. बुद्धी कमी तर नाही? अशाच एका मुलीची हकीकत लिहिते आहे. तिच्या आणि वडिलांच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती वडिलांबरोबर बाजाराच्या दिवशी आली. कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. दहावीला शाळेत पहिली आलेली, म्हणून तालुक्याच्या कॉलेजात सायन्स घेतलं. तिथं सगळं एकदम इंग्रजीत सुरू झालं. एकदा वर्गात मोठ्याने वाचताना तिचा उच्चार चुकला, पोरं हसली, तेव्हापासून ती शेवटच्या बाकावर बसते. जेवण कमी झालं होतं, झोप उडाली होती, कॉलेजच्या दिवशी सकाळी पोटात दुखायचं.

"मॅडम, मी रोज वीस शब्द पाठ करतो," ती म्हणाली. "रात्री आईले म्हणून दाखवतो. सकाळी पाहतो त काहीच नाही. माझी मेमरीच खराब हाय."

अशा वेळी मी आधी झोप, जेवण आणि घरातलं वातावरण विचारून घेते. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगितलं, कारण या वयाच्या मुलींच्या थकव्यामागे रक्त कमी असणं नेहमी दिसतं. मग म्हटलं, शब्दांची वही दाखव.

वही फार निगुतीने ठेवलेली होती. पान मधोमध दुमडून डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, समासाला लाल रेघ. पहिल्याच पानावर ॲबँडन - त्यागणे, ॲबेट - कमी होणे, ॲबॉलिश - रद्द करणे, ॲब्रप्ट - आकस्मिक, ॲबंडंट - विपुल. शब्दकोश पहिल्या पानापासून उतरवायला घेतला होता. मी विचारलं, "विपुल म्हणजे काय गं?" ती गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, "ते नाही मालूम. तसं लिवलं होतं."

मला जे कळायचं होतं ते तिथंच कळलं. जो अर्थ ती पाठ करत होती, तोही तिच्या घरात कोणी बोलत नव्हतं. एका अनोळखी शब्दाला दुसरा अनोळखी शब्द बांधून ती रात्री झोपत होती. त्यात पाचही शब्द एकाच आवाजाने सुरू होणारे. एकसारखे दिसणारे, एकसारखे ऐकू येणारे शब्द एकाच बैठकीत शिकले की ते एकमेकांत मिसळतात, हे भल्याभल्यांचं होतं.

विसरण्याबद्दल तिला मी हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्याने स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट तो पाठ करायचा आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचा. पहिल्या काही तासांतच बरंचसं निसटतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो, आणि मध्ये मध्ये अंतर ठेवून उजळणी केली तर एकाच दमात घोकण्यापेक्षा कमी कष्टात लक्षात राहतं, हे त्याला दिसलं. ज्याने हे शोधलं तो स्वतःही सकाळपर्यंत विसरत होता, हे ऐकून तिने पहिल्यांदा मान वर केली. त्याचे अक्षरगट मुद्दामच निरर्थक होते. तिच्या वहीतले शब्द तिच्या दृष्टीने जवळपास तसेच होते.

पण नुसतं समजावून 'माझी मेमरी खराब' हे मनातून जात नाही. पुरावा लागतो. मी विचारलं, "बाबा कापूस विकायला नेतात तेव्हा काय मोजतात?"

"मॉइश्चर."

"म्हणजे?"

"ओल. बारा टक्क्यांच्या वर गेलं त सीसीआयवाले घेत नाहीत. आठपर्यंत असलं त पूर्ण भाव, मंग जसं वाढन तसा भाव कमी. म्हणून आम्ही वाळवून नेतो."

एका दमात सांगितलं. (सीसीआय म्हणजे कापूस खरेदी करणारं केंद्र सरकारचं महामंडळ.) हा इंग्रजी शब्द तिने कुठल्याच वहीत लिहिला नव्हता, पाठ केला नव्हता, आणि तो ती जन्मात विसरणार नाही. मग आम्ही दोघींनी मिळून यादी काढली: ग्रेडर, ड्रिप, मोटर, फ्यूज, लोडशेडिंग, सबसिडी, क्रॉप इन्शुरन्स, रिचार्ज, रेफर, सलाइन. पान भरलं. हे सगळे शब्द तिला कुठून आले? कोणीतरी कामाच्या वेळी, एखाद्या वाक्यात, कशाच्या तरी संदर्भात बोललं आणि पुन्हा पुन्हा बोललं. जिची स्मरणशक्ती खराब आहे तिच्याकडून असं पान भरत नाही, हे मला तिला सांगावं लागलं नाही.

त्यानंतर जे केलं ते कुणालाही करता येईल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शब्दकोश आधी कपाटात ठेवला. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ १९२० च्या दशकात ढाक्यात होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला कसं शिकवावं यावर त्यांनी तिथं बरंच काम केलं. पुढे १९५३ साली त्यांनी नेहमीच्या वापरातल्या सुमारे २,००० इंग्रजी शब्दांची यादी छापली. साध्या मजकुरातल्या दर शंभर शब्दांपैकी ऐंशीच्या आसपास शब्द अशा यादीतलेच असतात. ॲबेटसारखा शब्द अकरावीच्या मुलीला वर्षभरात एखाद्या वेळी भेटेल. बिकम, काॅज, इन्क्रीज, देअरफोर, अनलेस रोज भेटतील. तिला अडत होतं ते याच शब्दांवर, आणि वहीत ते नव्हतेच.

विज्ञानाच्या शब्दांचं काम तर त्याहून सोपं निघालं. बालभारतीच्या मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकांत बऱ्याच पारिभाषिक शब्दांपुढे कंसात इंग्रजी शब्द छापलेला असतो. नववी-दहावीची तिची पुस्तकं घरीच होती. पेशी म्हणजे सेल, द्रावण म्हणजे सोल्यूशन, वस्तुमान म्हणजे मास: कल्पना तिला पक्क्या येत होत्या, फक्त नाव बदललं होतं. शिवाय बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची. दहावीचा तोच धडा इंग्रजीत उघडायचा, शेजारी मराठी पुस्तक ठेवायचं आणि एकेक परिच्छेद लावून वाचायचा. महागड्या स्पोकन इंग्लिश क्लासच्या आधी मी प्रत्येक पालकाला हेच सांगते, आणि मनापासून सांगते, कारण आपल्याकडे अकरावीची मुलं यानेच सावरताना मी पाहिली आहेत.

मग वाक्यं. नवा शब्द मिळाला की त्याखाली दोन वाक्यं लिहायची, असं ठरलं. एक शब्दकोशातलं, दुसरं स्वतःच्या घरातलं. फोनवर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडला की शब्दाखाली सोपी वाक्यं असतात आणि स्पीकरचं चिन्ह दाबलं की उच्चारही ऐकू येतो. उच्चाराच्या धास्तीने गप्प झालेल्या मुलीला खोलीत एकटीने दहा वेळा ऐकायला मिळणं हा मोठा आधार असतो. अर्थ लिहायचा तो आपल्या बोलीत. ॲबंडंटपुढे तिने लिहिलं 'लय, पुरून उरन इतकं', आणि खाली वाक्य: 'इन ऑगस्ट देअर इज ॲबंडंट वॉटर इन अवर वेल.' ॲबँडनखाली लिहिलं, 'माय ग्रँडफादर ॲबँडन्ड द ओल्ड वेल.' ती जुनी विहीर का सोडली, हे तिने मला मराठीत बरंच रंगवून सांगितलं. शब्द पक्का बसल्याची खूण मला तीच वाटते.

वाक्याचा दुसरा फायदा सुट्या अर्थाने कधीच मिळत नाही. तिने एका वाक्यात 'बिग रेन' लिहिलं होतं. बिग माहीत, रेन माहीत, तरी इंग्रजीत 'हेवी रेन' म्हणतात. 'मेक होमवर्क' नाही, 'डू होमवर्क'. कोणता शब्द कोणाबरोबर नांदतो हे वाक्यातच दिसतं. आपणही जोराचा पाऊस म्हणतो, मोठ्याने पाऊस म्हणत नाही, आणि हे आपल्याला कोणी पाठ करायला लावलेलं नसतं.

उजळणीसाठी आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापल्या. मागची बाजू कोरी असते, कागद जाड असतो आणि खेड्यात त्यांना तोटा नाही. एका बाजूला तिचं वाक्य, शब्दाच्या जागी रिकामी रेघ. दुसऱ्या बाजूला शब्द आणि बोलीतला अर्थ. बुटाच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे केले. शब्द आठवला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, पुढचे हळूहळू जास्त दिवसांनी. ही युक्ती झेबास्टियान लाइटनर या पत्रकाराने १९७२ साली मांडली. हिची खुबी अशी की जे येतं त्यावर वेळ जात नाही, आणि आठवायचा प्रयत्न करावाच लागतो. नुसतं पुन्हा पुन्हा वाचलं की येतंय असं वाटतं, येत नसतं. वीस शब्दांचे पाच-सहा केले. याला ती लवकर तयार झाली नाही. मैत्रीण तीस करते म्हणाली. मी म्हटलं, मैत्रिणीचे महिन्याभराने विचार.

वडिलांशी मी वेगळं बोलले. भला माणूस, पोरीच्या क्लाससाठी उधारी करायला निघाला होता. "बुद्धी चांगली हाय ना तिची?" एवढंच त्यांना हवं होतं. चांगली आहे, असं स्पष्ट सांगितलं. मग विनंती केली की रात्री शब्द म्हणून घेणं बंद करा. परीक्षा घेतल्यासारखं होतं आणि पोर धसका घेते. त्याऐवजी फवारणीच्या बाटलीवरचं लेबल तिच्याकडून समजून घ्या. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हापासून या लेबलांचं महत्त्व इथं कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. पुढच्या भेटीत ते म्हणाले, "लाल न् पिवळ्या तिकोनाच्या वर पॉयझन, निळ्याच्या वर डेंजर, हिरव्याच्या वर कॉशन लिवलं असते. पोरीनं सांगतलं. आतापर्यंत मी नुसता रंग पाहत होतो." हे सांगताना पोरगी शेजारी बसली होती आणि वडिलांचा उच्चार दुरुस्त करत होती.

पोटदुखी दिवाळीच्या आधीच थांबली. हिमोग्लोबिन कमी निघालं होतं, गोळ्या सुरू आहेत. बायोलॉजीचा धडा ती आता स्वतः वाचते, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारते आणि पुढे जाते; प्रत्येक शब्दावर थांबायचं नाही हे शिकायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. फिजिक्सची गणितं मराठीत विचार करून सोडवते आणि उत्तर इंग्रजीत लिहिते. यात काहीही गैर नाही. मात्र वर्गात उभं राहून बोलायची भीती अजून आहे. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत येत असूनही गप्प राहिली, असं ती मागच्या वेळी सांगत होती. म्हणून आता आम्ही तोंडी परीक्षेला हमखास विचारतात ते प्रश्न घेतो. मी सर होते, ती उत्तर देते, आणि अडली की 'सर, मे आय से इट इन मराठी?' हे वाक्य न घाबरता म्हणायचा सराव करते.