दहाव्या प्रयोगाची तयारी

प्रिय मित्रा,

संहिता मिळाली. राज्य नाट्य स्पर्धेत सोलापूर केंद्रावर उतरायचं म्हणतोस, जरूर उतर. मात्र परीक्षकांपुढच्या एका प्रयोगासाठी नाटक बसवू नकोस, दहाव्या प्रयोगापर्यंत टिकेल असं बसव. मराठी रंगभूमीचं कसं चाललंय, असं विचारलं की लोक मुंबई-पुण्यातले हाउसफुल्लचे बोर्ड मोजतात. जिल्ह्याच्या गावी काय चालतं? दोन महिने तालीम, एक प्रयोग, निकाल, आणि सेट कुणाच्या तरी गच्चीवर भिजत पडलेला. दुखणं इथं आहे.

आपलं नाटक फिरून जगलंय. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते राजाश्रयावर. १८५१ मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन गेले, आश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. म्हणजे तिकिटावरचं मराठी नाटक सुरू झालं ते नाइलाजानं! १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’नंतर कंपन्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडल्या. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला, तेव्हा एवढा लवाजमा आणि डोक्यावरचं कर्ज घेऊन तगणं अवघड झालं. पुढं हौशी संघांना सरकारी स्पर्धेनं हात दिला. स्पर्धेचे उपकार मोठेच, पण फिरायची सवय मोडली ती तिथंच. अभिनेते अतुल कुलकर्णी इथल्या ‘नाट्य आराधना’ संस्थेतून पुढं गेले, हे तू प्रत्येक सत्कारात ऐकशील. अभिमान असू दे, पण त्यावर तुझी तिकिटं खपणार नाहीत.

आता कामाचं. लेखकाची परवानगी लेखी घे आणि फक्त स्पर्धेपुरती घेऊ नकोस. पुढच्या प्रयोगांचं मानधन आत्ताच ठरवून टाक. बक्षीस मिळाल्यावर बोलणी अवघड जातात. संहिता तपासून प्रयोगाला प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं ती वेळेत पाठव आणि प्रमाणपत्राची प्रत फाइलला लाव. बाहेरगावी हॉल ठरवताना ती मागतात.

तालमीसाठी पंचेचाळीस दिवस धर, रोज संध्याकाळी साडेसात ते दहा. पहिला आठवडा नुसतं बसून वाचन. विसाव्या दिवशी हातातली वही सुटली पाहिजे. नेहमी होणारी गफलत अशी की तालीम रोज पहिल्या प्रवेशापासून सुरू होते, कुणीतरी उशिरा येतं, दहा वाजतात आणि दुसरा अंक राहून जातो. पहिला अंक तीस वेळा झालेला, दुसरा सहा वेळा. प्रयोगात प्रेक्षक मध्यंतरानंतर सैलावतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. म्हणून एक दिवसाआड दुसऱ्या अंकापासून सुरुवात कर. शिवाय छोट्या भूमिकेतल्या प्रत्येकाकडून आणखी एक भूमिका पाठ करून घे. तिसऱ्या प्रयोगाच्या आत कुणाला तरी पुण्यात नोकरी लागते आणि तो हुतात्मा एक्स्प्रेसनं निघून जातो. त्याला थांबवता येत नाही, थांबवूही नये.

सेट म्हणजे ‘छोटा हत्ती’ टेम्पोत मावेल तेवढाच. त्याचा हौदा जेमतेम सात फूट लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद. तुमचे फ्लॅट, म्हणजे सेटच्या उभ्या चौकटी, आठ बाय चार फुटांचे, ते फूटभर मागं लोंबतात आणि पहिल्याच खड्ड्यात कोपरा निखळतो. फ्लॅट चार बाय चारच्या दोन तुकड्यांत कर, खिळा काढता येणाऱ्या बिजागऱ्यांनी जोड. प्लायवुड नको, दोन बाय एक इंची पट्ट्यांची चौकट, त्यावर मांजरपाट ताणून डिस्टेंपर. दोघं जण सहज उचलतात. लेव्हलवर, म्हणजे स्टेजवरच्या लाकडी चौथऱ्यावर, पात्र चाललं की तो डब्यासारखा वाजतो आणि खालचे माइक नेमका तोच आवाज उचलतात. वर जुनी सोलापुरी चादर ताणून ठोक आणि त्यावर काळं कापड. चादरीला या शहरात तोटा नाही.

लाइट्सचा हिशेब आधी कागदावर. हजार वॅटचे बारा पार (स्टेजचे हॅलोजन दिवे) म्हणजे बारा किलोवॅट, २३० व्होल्टवर साधारण ५२ अँपिअर. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहात त्याचं काही वाटत नाही. कॉलेजच्या हॉलमध्ये १६ अँपिअरच्या सॉकेटवर तीनच पार चालतात. चौथा जोडलास की एमसीबी (जादा भाराला वीज तोडणारा स्विच) पडू शकतो, आणि तो पडतो शेवटच्या प्रवेशात, कारण सगळे दिवे एकदम तिथंच लागतात. तीन फेज असतील तर भार सारखा वाटून घे. दौऱ्याला एलईडी सोयीचे. बारा मिळून दोन किलोवॅटच्या आसपास. पण स्वस्तातले एलईडी हळू विझत नाहीत, शेवटी टपकन जातात. दिवा हळूहळू मंद होण्याच्या त्या एका फेडसाठी दोन हॅलोजन बरोबर ठेव.

भाषेबद्दल एक. तुझ्या संहितेतला गिरणी कामगार पुणेरी मराठी बोलतो. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि ‘काय करलालास बे’ म्हणणारं हे गाव. इथला प्रेक्षक अशा वाक्याला हसतो, आणि तो विनोदाला हसलाय असं नटाला वाटतं. तेवढी पानं पुन्हा लिहून घे. दुसऱ्या अंकातला पत्रवाचनाचा प्रवेश निम्म्यावर आण, पंधरा मिनिटं वाचतील.

स्पर्धेनंतरचा पहिला प्रयोग निकालाची वाट न पाहता तीन आठवड्यांच्या आत लाव, नाहीतर पाठांतर उडतं. मग बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट. फक्त जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या, दिवसांत सोलापुरातली तारीख धरू नकोस. होम मैदानावर पाळणे लागले की तुझे नटसुद्धा तालमीला येणार नाहीत.

तुझा,
एक जुना रंगकर्मी