८०० रुपयांचं ‘ओरिजिनल’ विंडोज घेऊ नका

तुमचा प्रश्न असा: नागपूरच्या त्रिमूर्तीनगरला बाबांकडे २०१२ चा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. सेकंड जनरेशन आय-३, ४ जीबी रॅम, विंडोज ७. सोसायटीच्या नोटिसा, इतिवृत्तं, हिशेब सगळं त्याच्यावरच. क्रोम अपडेट व्हायचं थांबलंय, बँकेची साइट उघडताना कुरकुर करते. फुकट अपग्रेडची मुदत हुकली, आणि बर्डीवरचा दुकानदार ८०० रुपयांत ‘ओरिजिनल विंडोज ११’ टाकून देतो म्हणतोय. घ्यावं का?

नका घेऊ. त्या भावात खरा परवाना मिळतच नाही. मिळते ती बहुतेक वेळा कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या सामूहिक परवान्यातली, बाहेर फुटलेली की, म्हणजे परवान्याचा सांकेतिक क्रमांक. ती आज चालते आणि तिकडून बंद केली की पडद्यावर ‘अॅक्टिव्हेट करा’ येऊन बसतं. नाहीतर मग सरळ क्रॅक असतो, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणारा चोरटा प्रोग्रॅम. तो टाकताना अँटीव्हायरस आधी बंद करतात. बंद काहून करावा लागतो, एवढं दुकानदाराला विचारून पाहा. बाबा ज्या मशीनवर नेटबँकिंग करतात त्यावर असलं काही नकोच.

आता मुदतीचं. विंडोज ७ आणि ८.१ वरून १० वर फुकट जायची जाहीर सवलत २९ जुलै २०१६ ला संपली. पण मागचं दार बरीच वर्षं उघडंच होतं. ७ ची खरी की दिली तरी १० अॅक्टिव्हेट व्हायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तेही लावून घेतलं. त्यामुळे कॅबिनेटवर ७ चं स्टिकर असलं तरी त्या कीवर आता नवं काही अॅक्टिव्हेट होणार नाही.

एक शक्यता मात्र तपासून घ्या. त्या जाहीर सवलतीच्या वर्षभरात कितीतरी मशीनवर १० जवळजवळ आपणहून येऊन बसलं होतं, आणि ‘हे काय झालं बाप्पा’ म्हणत लोकांनी परत ७ टाकून घेतलं होतं. तुमच्याकडे तसं घडलं असेल आणि तेव्हाचं ७ खरं असेल, तर १० चा डिजिटल परवाना त्या मदरबोर्डच्या नावावर मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेला आहे. मदरबोर्ड बदललेला नसेल तर १० ची तीच आवृत्ती टाका, म्हणजे होमला होम, प्रोला प्रो. की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा. नेट जोडल्यावर ते आपोआप अॅक्टिव्हेट होईल. बाबांना आठवतं का बघा. यात हुरळून जाण्यासारखं मात्र काही नाही. १० चाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, म्हणजे ही तात्पुरती सोय झाली.

११ चं म्हणाल तर कंपनीच्या नियमात तुमचं मशीन बसत नाही. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतं. इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या रूफससारख्या साधनाने ही तपासणी गाळून ११ टाकता येतं, आणि सेकंड जनरेशन आय-३ वर ते चालूही होतं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, आणि दर मोठ्या आवृत्तीला हीच कसरत पुन्हा. तुम्ही पुण्याला, बाबा इथे. ही कसरत कोण करणार?

माझं मत स्पष्ट आहे. या मशीनच्या विंडोजवर एक रुपया घालू नका. पैसे घालायचेच तर एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कवर घाला आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. मिंट २२ फुकट आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. ४ जीबीत चालतं, पण क्रोममध्ये पाचसहा टॅब उघडायची सवय असेल तर डीडीआर३ रॅमची आणखी एक पट्टी घाला. त्या काळच्या बहुतेक बोर्डांना दोन खाचा असतात. जुनी हार्ड डिस्क काढून ठेवा, पुसू नका. तोच तुमचा बॅकअप. तिच्यावरचं महत्त्वाचं वेगळ्या पेन ड्राइव्हवरही घ्या, कारण दहाबारा वर्षांच्या डिस्कचा भरवसा नसतो.

खरी अडचण मराठीची येते, आणि ती आधी कोणी सांगत नाही. बाबा नोटिसा कशात टाइप करतात, हे आधी पाहा. कृतिदेव असेल तर काम सोपं. तो निव्वळ फॉन्ट आहे. इंग्रजी कळच दाबली जाते, अक्षर तेवढं देवनागरी दिसतं. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून ती फाइल उचलून मिंटमध्ये टाकली की लिबरऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं साधन) जुन्या नोटिसा उघडतील, आणि बाबांची बोटं पूर्वीसारखीच चालतील. फॉन्ट न्यायचा राहिला तर मात्र सगळ्या इतिवृत्तांची इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल आणि बाबा म्हणतील, पोट्ट्यानं फायली खराब केल्या. श्रीलिपी किंवा आयएसएम असेल तर गोष्ट वेगळी. ते विंडोजचे प्रोग्रॅम आहेत, मिंटवर त्यांचा भरवसा धरू नका. तिथे जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्टशिवाय कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या देवनागरीत, बदलून घ्यावा लागेल. तो बदलताना रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात, म्हणून डोळ्यांखालून घालणं आलंच. पुढचं टायपिंग युनिकोडमध्ये करायचं तर इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक मिंटमध्ये आहेच. टाइपरायटरवर हात बसलेला असेल तर हिंदी रेमिंग्टनचा कळफलकही टाकता येतो. बाबांना या वयात इनस्क्रिप्ट शिकायला लावू नका, हा आगाऊ सल्ला समजा.

दुसरी अडचण प्रिंटरची. एचपी लेझरजेट १०२० असेल तर मिंटमध्ये एचपीचं जास्तीचं प्लगइन घ्यावं लागतं, ते झालं की चालतो. कॅननचा एलबीपी २९०० हा डोकेदुखी आहे, त्याचा ड्रायव्हर बसवताना घाम फुटतो.

म्हणून काहीही पुसायच्या आधी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट घ्या आणि मशीन त्यावरूनच सुरू करा. इन्स्टॉल न करता सगळं पाहता येतं. आवाज येतो का, नेट लागतं का, प्रिंटर कागद ओढतो का, बँकेची साइट उघडते का. पेन ड्राइव्हवरून ते हळू चालणारच, वेगावरून मत बनवू नका.

बाबा टॅली वापरत असतील किंवा डिजिटल सहीचं टोकन लावून काही भरत असतील, तर मात्र वरचं सगळं विसरा. टॅली विंडोजवरच चालतं, आणि टोकनचे ड्रायव्हर लिनक्सवर जमवत बसणं हे घरच्या माणसाचं काम नाही. अशा वेळी कंपन्यांमधून निघालेला, आठव्या पिढीचा किंवा नंतरचा वापरलेला डेस्कटॉप घ्या. पैसे देण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोज ११ डिजिटल परवान्यावर अॅक्टिव्हेट आहे का ते स्वतः पाहा आणि बिल मागा. जुन्या मशीनसाठी दुकानातून नवा परवाना विकत घेण्यापेक्षा हा व्यवहार कधीही बरा.

कॅबिनेट उघडालच तेव्हा दोन कामं उरकून घ्या. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. तो संपला की तारीख मागे जाते आणि चांगल्या साइटही ‘असुरक्षित’ म्हणून अडतात. बँकेच्या साइटच्या कुरकुरीला हेही कारण असू शकतं, उजव्या कोपऱ्यातली तारीख आजच बघायला सांगा. आणि पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. वाळलेल्या पेस्टचं मशीन दुपारी रखडायला लागतं किंवा बंदच पडतं, आणि खापर फुटतं नव्या सिस्टिमवर.

प्रिंटरचं मॉडेल आणि टायपिंगचा फॉन्ट बाबांना विचारून इथे टाका, पुढचं त्यावर ठरवू.